छोट्या विमानांच्या सरकारी निविदा: नागपूरचा अनुभव, आणि थोडी मदत हवी आहे

सोनेगावकर

नमस्कार मंडळी. मी सोनेगावला एका छोट्या चार्टर कंपनीत काम करतो. दोन किंग एअर (छोटी दोन इंजिनांची विमानं), सात वैमानिक आणि ऑफिसात आम्ही चौघं. उड्डाणांची जुळवाजुळव माझ्याकडे आणि निविदा भरणंही माझ्याकडेच. एका शासकीय कार्यालयाची वर्षभराच्या दरकराराची निविदा निघाली आहे आणि निविदापूर्व बैठक दहा दिवसांवर आली आहे. त्याआधी एक अनुभव सांगतो, मग प्रश्न विचारतो.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. एका पाहणी पथकाला जिल्ह्याच्या धावपट्टीवर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, असा कार्यादेश होता. तिथे धावपट्टीला दिवे नाहीत. अशा ठिकाणी उड्डाण नजरेच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआरनं करावं लागतं आणि त्याची मुभा सूर्यास्तानंतर फक्त २० मिनिटांपर्यंत असते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पाच पन्नासला दार बंद.

साडेचारला कॅप्टनचा फोन आला की बैठक अजून सुरूच आहे. पाच दहाला त्यांनी संपर्क अधिकाऱ्याला निरोप पाठवला. गाड्या धावपट्टीवर आल्या तेव्हा पाच बावन्न झाले होते. आभाळ अजून केशरी होतं, समोरचं झाड दिसत होतं, त्यामुळे साहेबांना वाटलं की आता निघू शकतो. कॅप्टन एवढंच म्हणाले, "साहेब, आता नाही." पथक गाडीनं निघालं आणि रात्री दहाला नागपुरात पोचलं. विमान तिथेच राहिलं, दोघं वैमानिक विश्रामगृहात झोपले आणि सकाळी विमान रिकामं परत आलं.

देयक गेलं. परतीचं उड्डाण नामंजूर, कारण त्यात प्रवासी नव्हते. रात्रीच्या मुक्कामाची करारात तरतूदच नाही. वर सेवा पुरवण्यात कसूर म्हणून दहा टक्के दंड. उरलेले पैसे हातात यायला सात महिने लागले.

पैशांचं दुःख आहेच. पण कॅप्टन जे बोलले ते मला जास्त लागलं. "पुढच्या वेळी माझ्यामुळे देयक कापलं गेलं तर मला सांगू नका. मला ते माहीत असायला नको."

नव्या निविदेत पुन्हा एकच रकाना आहे: 'प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणाचा ताशी दर'. थांबणं, रिकामी फेरी, मुक्काम, नकार यांतलं काहीच नाही. बैठकीत काय मागावं आणि कुठल्या शब्दांत? ज्यांनी सरकारी कामं केली आहेत किंवा टेबलाच्या पलीकडे बसले आहेत, त्यांनी कृपया लिहा.

---

काटोलरोडवाला

भाऊ, तुमच्या कॅप्टनला सलाम. पण मुळात एक विचारतो, राग मानू नका. आता समृद्धी महामार्ग झाला, दुरांतो आहे, विदर्भ एक्सप्रेस आहे, सकाळ-संध्याकाळ मुंबईची विमानं आहेत. मग या लोकांना चार्टर कशाला लागून राहिलं? पैसा तर आपलाच जाते नं.

---

सोनेगावकर

राग कसला, प्रश्न बरोबर आहे. ज्या कामाला रेल्वे पुरते त्याला चार्टर नको, हे माझंही मत आहे, धंदा माझा असला तरी. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे दरवर्षीचं आहे. मेंदूमृत रुग्णाचं हृदय काढल्यावर ते साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं, म्हणजे नागपूरहून मुंबई-चेन्नईला रस्त्यानं नेण्याचा प्रश्नच उरत नाही. कामं खरी आहेत. ती कुणाकडून आणि कोणत्या अटींवर करून घ्यायची, एवढ्याबद्दलच हा धागा.

---

निवृत्त लेखाधिकारी

मी टेबलाच्या पलीकडे एकतीस वर्षं होतो, त्यामुळे तिकडची बाजू सांगतो.

तुमचं देयक ज्यानं कापलं त्याच्यावर रागावू नका. त्याच्यासमोर करारनामा असतो आणि देयक असतं. करारात 'प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाण' लिहिलंय, देयकात रिकामी फेरी आहे. त्यानं ती मंजूर केली तर दोन वर्षांनी महालेखाकारांचं पथक येईल, 'करारबाह्य अतिप्रदान' म्हणून पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा लेखी आक्षेप, निघेल आणि उत्तर त्यालाच द्यावं लागेल. तोपर्यंत साहेबाची बदली झालेली असते, पाच बावन्नला काय झालं हे सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून जे हवं ते निविदेत हवं. नंतर पत्रं लिहून काहीही मिळत नाही, हे मी शेकडो फायलींवरून सांगतो.

आपल्या राज्यात खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं आली आहे. निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न द्यायचे. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येतंच असं नाही. कार्यालयाला पटलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्या निविदाकारांना लागू होतं. शुद्धिपत्रक निघालं की तो कराराचा भाग झाला, मग लेखापाल डोळे मिटून मंजूर करतो.

दुसरं, पुरावा. प्रवासाची नोंदवही, म्हणजे जर्नी लॉग, त्याची प्रत प्रत्येक देयकासोबत जोडता का? चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ मोजायचा की चाकं जमिनीवरून उचलल्यापासून, हे करारात लिहिलंय का? मी एका प्रकरणात प्रत्येक फेरीमागे पंधरा मिनिटांचा वाद वर्षभर चाललेला पाहिला आहे. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, फक्त घड्याळं वेगळी होती.

तिसरी गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधी पात्रता तपासतात त्यात, कार्यालयानं नुसता डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) बिगर-नियमित, म्हणजे चार्टर उड्डाणांचा, परवाना मागू नये. त्या परवान्यावर ज्या विमानांची नोंद आहे त्यांचे व्हीटी (नोंदणी) क्रमांक मागावेत आणि प्रत्यक्ष जे विमान उभं राहील त्याचा क्रमांक त्यात आहे की नाही ते तपासावं. खाजगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्यानं देता येत नाही. कमी दर टाकणारे कधी कधी तिथूनच येतात. ही अट तुम्हीच मागा, प्रामाणिक माणसाला ती जड जात नाही.

---

वऱ्हाडी पोट्टा

काका, लई भारी माहिती. वाचनखूण साठवली.

---

आकाशवाटे

मी वैमानिक आहे, सध्या दुसऱ्या शहरात, पण शिकले आपल्या नागपुरात. सोनेगावकर, तुमच्या कॅप्टनना माझा नमस्कार सांगा. 'मला माहीत असायला नको' हे वाक्य मला अगदी आतून समजलं. कॉकपिटमध्ये हिशेब शिरला की नजर बदलते. कुणी मुद्दाम बदलत नाही, ती बदलते.

ताशी दराच्या एकाच रकान्यात आणखी काय दडतं ते सांगते. आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा इंधन मिळत नाही, म्हणून परतीचं इंधनही नागपुरातूनच भरून न्यावं लागतं. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ च्या वर जातो, हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात, धावपट्टी जास्त लागते. अकोल्याच्या शिवणीसारखी १४०० मीटरची धावपट्टी आणि दुपारचे दोन. परतीच्या इंधनासह सात माणसं बसवायची म्हटलं तर गणित बसत नाही. मग मी म्हणते, पाच जण या, किंवा पहाटे निघा. कार्यादेशात सात लिहिलेले असतात. पुन्हा तो 'नकार' ठरतो.

तेव्हा माझी विनंती. आसनसंख्येपुढे 'तापमान व धावपट्टीच्या लांबीनुसार' एवढे शब्द टाकून घ्या. आणि उतरण्याआधी धावपट्टीवरून एक गाडी फिरवून गुरं-कुत्री हटवणं, अग्निशमन गाडी उभी करणं, हे काम कुणाचं ते नावानिशी लिहून घ्या. एकदा मी तीन घिरट्या घातल्या होत्या, खाली दोन म्हशी आणि त्यांना हाकलणारा एक होमगार्ड. तो बिचारा एकटाच पळत होता.

---

काटोलरोडवाला

ताई, हे माहीतच नव्हतं. उन्हानं विमानाची ताकद कमी होते म्हणजे कमालच आहे. माझा पहिला प्रश्न परत घेत नाही, पण आता पूर्ण धागा वाचून राहिलो.

---

सोनेगावकर

लेखाधिकारी काका, आकाशवाटे ताई, दोघांचे मनापासून आभार. एक कलम लिहून काढलंय, बघा:

"हवामान, अपुरा प्रकाश, धावपट्टीची स्थिती, विमानाची तांत्रिक स्थिती किंवा वैमानिकांच्या कर्तव्यकाळाची मर्यादा यांपैकी कोणत्याही कारणास्तव कमांडर वैमानिकाने उड्डाण नाकारल्यास, लांबवल्यास किंवा अन्यत्र वळवल्यास ती सेवेतील कसूर समजली जाणार नाही व त्यापोटी देयकातून कोणतीही रक्कम कापली जाणार नाही."

विमानाबाबतचा अंतिम निर्णय कमांडरचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. मी नवं काही मागत नाहीये. त्या निर्णयाला दंड लागू नये, एवढंच.

---

निवृत्त लेखाधिकारी

'विमानाची तांत्रिक स्थिती' काढा. विमान नादुरुस्त असणं ही तुमची जबाबदारी आहे, तिचा भार शासनानं का उचलावा? तो एक शब्दप्रयोग पाहून कार्यालय अख्खं कलम फेटाळेल. त्याऐवजी बिघाड झाल्यास अमुक तासांत पर्यायी विमान देऊ, असं तुम्हीच लिहून द्या. आणि कारण लेखी देण्याची अट स्वतःहून घाला. लेखापालाला फाईलमध्ये कागद लागतो.

---

सोनेगावकर

काढलं. बरोबर आहे तुमचं. मी आमच्याच बाजूनं लिहीत गेलो होतो.

---

धंतोली डॉक्टर

मी अतिदक्षता विभागात आहे आणि काही रुग्णांसोबत एअर ॲम्ब्युलन्समधून गेले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये पीएमश्री एअर ॲम्ब्युलन्स सुरू केली, आयुष्मान कार्ड असलेल्या रुग्णांना ती मोफत आहे. बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे रुग्ण वर्षानुवर्षं आपल्याकडे नागपुरात येतात, म्हणून माझं तिकडे लक्ष असतं.

अशा सेवेत विमान उडतं किती यापेक्षा हाक मारल्यावर ते उभं आहे का, हे महत्त्वाचं. आत स्ट्रेचर बसवलेलं, व्हेंटिलेटर चार्ज केलेला, ऑक्सिजन भरलेला. आठवडाभर एकही रुग्ण आला नाही तरी हे सगळं तयार ठेवावं लागतं. छातीत हवा साठलेल्या रुग्णासाठी केबिनचा दाब जमिनीच्या जवळचा ठेवावा लागतो, म्हणजे विमान खालून उडवायचं, म्हणजे जास्त इंधन, जास्त वेळ. ताशी दर कमी म्हणून आलेल्या माणसाला हे परवडत नाही, आणि मग रुग्णाच्या नातेवाइकांशी घासाघीस सुरू होते. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे, मध्यरात्री, मेडिकलच्या आवारात.

---

वऱ्हाडी पोट्टा

२०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी मंत्रिमंडळानं ३० कोटी मंजूर केले होते, विमान औरंगाबादहून उडत होतं. तेव्हा आमच्या गावात लोक म्हणायचे, ढगच नाही तर विमान काय करून राहिलं उभं? पण डॉक्टरताईंचं वाचून समजलं. ढग येईल तेव्हा विमान हजर पाहिजे, तर आधीचे दिवस ते उभंच राहणार. त्या उभं राहण्याचे पैसे द्याच लागतात.

---

मिहानपलीकडे

मीही याच धंद्यात आहे, आमचं एकच विमान. सगळे जण उभं राहण्याच्या पैशांबद्दल बोलताय म्हणून सावध करतो. पवनहंससारख्या कंपन्यांच्या हेलिकॉप्टर करारांत मासिक स्थिर आकार वेगळा आणि उड्डाणाचा ताशी आकार वेगळा अशी पद्धत असते. चांगली आहे. पण महिनाभराचा आकार देणारा ग्राहक म्हणेल, मग विमान महिनाभर माझंच. सोनेगावकर, तुमची दोन विमानं आहेत, अर्धा ताफा एका कार्यालयाला बांधून टाकाल? अधिवेशनाच्या दिवसांत, निवडणुकीत जी खरी कमाई होते तिचं काय? आणि त्या पद्धतीच्या निविदेत मोठ्या ताफ्याचे लोक उतरतील, आपण तांत्रिक लिफाफ्यातच बाहेर. मासिक आकार मागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

सोनेगावकर

दोन दिवस यावर विचार केला. तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. मला विमान बांधून द्यायचं नाही, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवसाचा खर्च निघाला पाहिजे. एक हिशेब मांडतो.

समजा ताशी दर १ लाख. नागपूर-मुंबई एकेरी, आमच्या विमानाला अंदाजे पावणेदोन तास. प्रवासी उतरवून विमान रिकामं परत येतं, आणखी पावणेदोन तास. उडालो साडेतीन तास, 'प्रवाशांसह' पैसे पावणेदोन तासांचे, म्हणजे हातात येणारा खरा दर ताशी ५० हजार. हे माहीत असलेला माणूस निविदेत दर दुप्पट टाकतो आणि एल-वनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या शर्यतीत, हरतो. ज्याला माहीत नाही किंवा ज्याला पर्वा नाही, तो जिंकतो. पुढे तो पैसे कुठून काढणार? देखभालीतून किंवा वैमानिकांच्या विश्रांतीतून. तिसरी जागा मला तरी दिसत नाही.

म्हणून मागणी अशी ठरवली: मासिक आकार नको. दिवसाला किमान दीड तासाचं देयक, रिकाम्या फेरीला ठरलेला दर, मुक्कामाचा ठरावीक आकार आणि वरचं नकाराचं कलम. एटीएफचे, म्हणजे विमानाच्या इंधनाचे, दर तेल कंपन्या दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात, वर्षभराच्या करारात ताशी दर त्याला जोडून मागणार आहे.

---

इतवारीची पुरवठादार

मी विमानातलं काही जाणत नाही, सरकारी दवाखान्यांना सामान पुरवते. पण सात महिने वाचून राहवलं नाही. दादा, उद्यम नोंदणी आहे का? सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. सेवा स्वीकारल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असंच धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रार करायची, ती सुलभीकरण परिषदेकडे जाते. निकाल विरोधात गेला आणि कार्यालयाला आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मी एकदाच केली. भीती वाटत होती की पुढचं काम जाईल. गेलं नाही. नोंदणी मात्र करारावर सही करण्याच्या आधीची असू द्या, नंतरची असेल तर वाद होतात. मध्यम उद्योगाला हे कलम लागू नाही, आणि तुमच्या विमानांची किंमत गुंतवणुकीत धरली की तुम्ही कुठल्या गटात जाता, ते सीएंना विचारून घ्या.

---

सोनेगावकर

ताई, नोंदणी २०२१ पासून आहे, गट लघु. इतकी वर्षं ती फक्त बयाणा रकमेच्या सवलतीसाठी वापरली. हे व्याजाचं कधी मागितलंच नाही.

---

निवृत्त लेखाधिकारी

विम्याचं राहिलं. ६ मे २०२१ ला मध्य प्रदेश शासनाचं स्वतःचं किंग एअर ग्वाल्हेरला रेमडेसिव्हिर घेऊन उतरताना धावपट्टीवरच्या अडथळा-जाळीला धडकलं. विमान निकामी झालं आणि मग कळलं की विमा नव्हता. पुढे वसुलीची नोटीस वैमानिकाला गेली. शासनाच्या मालकीच्या विमानाचं हे झालं. तेव्हा निविदेत विमानाचा आणि प्रवाशांचा, दोन्ही विम्यांची चालू प्रत प्रत्येक कार्यादेशाच्या वेळी मागण्याची अट सुचवा. हप्ता चुकवणारे आपोआप गळतील.

---

सोनेगावकर

बैठक झाली. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचं त्यात काहीतरी आहे.

आम्ही सहा जण होतो, तिकडून चार अधिकारी. मी लेखी प्रश्न आधीच दिले होते. परवान्यावरचे व्हीटी क्रमांक आणि विम्याची अट त्यांनी लगेच मान्य केली, खरं तर त्यांना ती आवडली. वेळ ठोकळे काढल्यापासून लावेपर्यंत धरायचा, हेही झालं. आसनांपुढचे शब्दही आले. धावपट्टी मोकळी ठेवण्याचं काम जिल्हा प्रशासनाचं, असं शुद्धिपत्रकात नावानिशी लिहिणार आहेत.

रिकाम्या फेरीला पूर्ण दर नाकारला, ६० टक्के दिला. मुक्कामाचा आकार मान्य, किमान देयक दीडऐवजी एक तासाचं. एटीएफचा दुवा साफ फेटाळला, "वर्षभराचा दर म्हणजे वर्षभराचा दर."

नकाराच्या कलमावर जवळजवळ अर्धा तास गेला. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं, वैमानिक उगाच नाही म्हणाला तर? मी मागच्या डिसेंबरची गोष्ट सांगितली, कार्यालयाचं नाव न घेता. पाच पन्नास आणि पाच बावन्न. त्यांच्यातल्या एक ज्येष्ठ बाई इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "आत आम्हीच बसलेले असतो ना." कलम घेतलं. चोवीस तासांत वैमानिकाचं लेखी कारण द्यायचं, एवढीच अट.

काल शुद्धिपत्रक आलं. त्याची प्रत कॅप्टनना दिली. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि विचारलं, "रक्कम कापणार नाही असं आहे. दंडही लावणार नाही, असं कुठे आहे?" पुढच्या ओळीत होतं, मी बोट ठेवून दाखवलं.

आता दर काढायला बसलोय. एटीएफ वाढलं तर ते आमच्याच अंगावर आहे, त्यासाठी किती जागा सोडावी हे अजून ठरत नाही. सोमवारी दुपारी ३ ला निविदा बंद.

---

मिहानपलीकडे

मीही भरतोय, त्यामुळे आकडा सांगणार नाही. पण शुद्धिपत्रक वाचलं. शुभेच्छा, खरंच.

---

निवृत्त लेखाधिकारी

डिजिटल सहीची मुदत आजच तपासा, आणि सोमवारची वाट न पाहता शनिवारीच भरून टाका.